मदत हवी आहे: तालुक्याच्या गावातला पत्रकारितेचा कोर्स, मान्यता आणि दर्जा कसा तपासावा?

बी.ए. नंतर महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी राहूनच पत्रकारिता शिकायची आहे. एका महाविद्यालयात वर्षाची पदविका आहे. एक खासगी संस्था सहा महिन्यांत 'शासनमान्य' प्रमाणपत्र आणि वर प्रेस कार्ड देते. पुढे एम.ए. आणि माहिती खात्यातली भरती, दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात. काय बघावं?

प्रतिसाद १
'शासनमान्य' या शब्दावर जाऊ नका. धर्मादाय आयुक्तांकडची किंवा उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी दाखवूनही तो छापला जातो, पण ती संस्थेची नोंदणी झाली, अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार, ते लेखी मागा.

महाविद्यालयाचीही खात्री करा. कला शाखा संलग्न आहे म्हणून पत्रकारितेची पदविका आपोआप संलग्न होत नाही. संलग्नतेच्या पत्रात या अभ्यासक्रमाचं नाव आणि चालू शैक्षणिक वर्ष, दोन्ही हवं. प्रवेशानंतर एलिजिबिलिटी (विद्यापीठाने पात्रता मान्य करणं) आणि पीआरएन (विद्यापीठातला कायम नोंदणी क्रमांक) यांचा पाठपुरावा करा, नाहीतर परीक्षा अर्जाच्या वेळी अडतं.

परराज्यातल्या राज्य विद्यापीठाचं 'अभ्यास केंद्र' कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. अशी केंद्रं राज्याबाहेर चालवता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या जाहीर सूचनेत सांगितलं आहे.

आणि प्रेस कार्ड: अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, तीही प्रत्यक्ष काम करणाऱ्या पत्रकारांना. शिकवणी वर्गाच्या कार्डाला काडीचीही किंमत नाही.

प्रतिसाद २
मान्यता असूनही शिकवणं पोकळ असू शकतं, आणि लहान गावात मला त्याची जास्त काळजी वाटते. बऱ्याच ठिकाणी सगळे पेपर तासिका तत्त्वावरच्या एकदोन शिक्षकांवर असतात. ते स्वतः वार्ताहर असतील तर शिकवणं कसदार होतं, पण निवडणुकीच्या दिवसांत तास बुडतात. बदली व्यवस्था काय, ते विचारा.

गेल्या वर्षीचा विद्यार्थ्यांचा प्रात्यक्षिक अंक मागा. त्यात ग्रामसभा, बाजार समिती, पाणीटंचाई अशा स्वतः जाऊन केलेल्या बातम्या आहेत, की प्रसिद्धिपत्रकं उतरवली आहेत? शिक्षकांनी तपासलेली कॉपी, म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेली बातमीही बघा. नुसते गुण नकोत. इंट्रो (बातमीचा पहिला परिच्छेद) कुठे फसला, दुसरी बाजू का घेतली नाही, हे लाल शाईत लिहिलेलं हवं.

माध्यम कायद्याच्या नोट्स चाळा. वृत्तपत्र नोंदणीचा १८६७ चा कायदा जाऊन प्रेस आणि नियतकालिके नोंदणी अधिनियम, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. बदनामीचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. नोट्समध्ये अजून जुन्या भारतीय दंड संहितेतली ४९९-५०० हीच चालू कलमं म्हणून असतील तर अभ्यासक्रमाकडे कुणाचं लक्ष नाही.

धागाकर्ता
आभार. मग एम.ए. साठी पदविका लागेलच का?

प्रतिसाद १
बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेची पदवी चालते. भरतीसाठी मात्र माहिती खात्यातल्या पदांची लोकसेवा आयोगाची जुनी जाहिरात काढा आणि अर्हतेतले शब्द पदविकेच्या पूर्ण नावाशी ताडून बघा. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेच्या केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात, तिथलीही चौकशी करा.