लॅक्टेटची ट्यूब कुठली होती, तेही विचारा

'प्रोकॅल्सिटोनिन नॉर्मल आलं, म्हणजे सेप्सिसची भीती गेली' हे वर लिहिलंय ते पटलं नाही. (प्रोकॅल्सिटोनिन म्हणजे जंतुसंसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन; सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं.) संसर्ग सुरू झाल्यावर ते वाढायलाच तीन-चार तास जातात, सीआरपीला (सूज-संसर्गात वाढणारं दुसरं प्रथिन) त्याहून जास्त. फार लवकर रक्त काढलं तर आकडा अगदी साळसूद दिसतो. उलट मोठ्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग नसतानाही चढतो. २०२१ च्या सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या (सेप्सिसच्या उपचारांसाठीची आंतरराष्ट्रीय मोहीम) सूचनांतही अँटिबायोटिक सुरू करायचं का, हे त्यावर ठरवू नका असंच आहे. थांबवायचं कधी, यासाठी मात्र त्याचा आधार घेता येतो.

लॅक्टेटचा (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, सेप्सिसच्या संशयात तोही तपासतात) विषय कुणीच काढला नाही म्हणून सांगतो. मी ठाण्यात लॅब टेक्निशियन. गेल्या पावसाळ्यात एका छोट्या नर्सिंग होममधून सँपल आलं, साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये, बर्फ नाही, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास शिजून. आमच्या नव्या पोराने ते तसंच मशीनला लावलं. लॅक्टेट २.९ (mmol/L)! दोनच्या वर म्हणजे धोक्याची खूण, म्हणून तिकडे धावपळ, आणि पेशंट बिचारा उठून चहा पीत बसलेला. ट्यूबमध्येसुद्धा तांबड्या पेशी साखर खातात आणि लॅक्टेट सोडत राहतात, त्यामुळे आकडा आपोआप फुगतो. परत सँपल मागवलं, राखाडी झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये (शुगरला वापरतो तीच, फ्लोराइड पेशींचं साखर खाणं रोखतं), बर्फात ठेवून, दंडाचा पट्टा फार वेळ न आवळता. १.६ आलं. डॉक्टरांनी फोनवर झापलं ते मलाच, पोरगा तोवर जेवायला पळाला होता.