डिस्क ब्रेकच्या सायकलला मागच्या चाकाचं लॉक कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी. रोज भांडुप स्टेशनबाहेर रेलिंगला सायकल लावून लोकल पकडतो. गेल्या महिन्यात कोणीतरी केबल लॉक कापायला घेतलं होतं. निम्म्या तारा तुटलेल्या, सायकल नशिबाने वाचली. म्हणून आता दूधवाल्यांच्या सायकलींना असतं तसं नालेच्या आकाराचं लॉक मागच्या चाकावर कायमचं बसवायचं आहे. नुसत्या त्याने सायकल उचलून नेता येते हे ठाऊक आहे, साखळी वेगळी लावणारच.

अडचण बसवण्याची. फ्रेम ॲल्युमिनियमची, टायर ७००×३८, डिस्क ब्रेक. सीटखालून चाकाकडे उतरणाऱ्या दोन नळ्यांवर बोल्टसाठी भोकंच नाहीत. लॉकसोबत आलेल्या पत्र्याच्या पट्ट्या जुन्या काळ्या सायकलींच्या मापाच्या. माझ्या नळ्या वेगळ्या जाडीच्या, खाली निमुळत्या. लॉक घसरतं आणि टायरला घासतं. खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला, दोन दिवस टिकला. झिप टाय घट्ट बसले, पण ते कात्रीनेही कापता येतात. नाक्यावरचा सायकलवाला म्हणाला, "ड्रिल मारून देतो की!" ॲल्युमिनियमच्या नळीला भोक? हात लावू दिला नाही.

आता पाण्याच्या पाइपला लावतात ते स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प, खाली रबर घालून, वापरायचा विचार आहे. बजेट हजारापर्यंत, वेल्डिंग नको. कोणी असं बसवलंय का? एक पावसाळा टिकलं का? आणि क्लॅम्पचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडू नये म्हणून काय केलंत?