वडिलांसोबत बघण्याजोगा युद्धविरोधी सिनेमा सांगा

जळगावकर: वडील फौजेतून रिटायर. टीव्हीवर धडाधड गोळीबार सुरू झाला की उठून भरिताची वांगी भाजायला बसतात. जुनं, खरं काहीतरी सुचवा.

भुसावळवाला: कुब्रिकचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी', १९५७. शत्रू जवळपास दिसतच नाही भो! हल्ला फसतो, मग फ्रेंच जनरल आपल्याच तीन शिपायांना भित्रे ठरवून गोळ्या घालायला लावतो. आदल्या रात्री एक जण झुरळाकडे बघून म्हणतो, उद्या हे जिवंत असेल, मी नसेन. शेजारचा पटकन ते झुरळ चिरडतो. मी तिथंच थांबवून पाणी प्यायलो.

धुळेकर: शेवटचं गाणं सोडू नका. फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत लागला नव्हता, यातच काय ते आलं.

जळगावकर: काल लावला. वडील उठले नाहीत. वांगी करपली.