डोंगराकडे कायमचं जायचं ठरवलंय: सत्तरी, नेत्रावळी की गोव्याबाहेर?

माहेरवाशीण

नमस्कार मंडळी. माझं वय ५४. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, मुलगी पुण्यात नोकरीला आहे, आणि गेल्या वर्षी मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. घर पर्वरीला, महामार्गापासून शंभर पावलांवर. उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तुळशीची पानं सकाळी धुतली तरी दुपारी त्यांवर बोटानं नाव लिहिता येतं. पण धूळ हे वरचं कारण झालं. खरं कारण असं की या घरात संध्याकाळचे सात वाजले की मी अजून फाटक वाजायची वाट बघते. ते मला थांबवायचं आहे.

डोंगर मला लहानपणापासून आवडतो. आजोळ साखळीचं, त्यामुळे वाळपईच्या पुढचे डोंगर निळे दिसायचे ते डोक्यात बसलेत. गेल्या चार महिन्यांत सत्तरी तालुक्यातलं ठाणे गाव, सांगे तालुक्यातली नेत्रावळी आणि काणकोणातलं गावडोंगरी बघून आले. भाऊ म्हणतो, आंबोली बघ, हवा थंड. मुलगी म्हणते, हिमाचल. माझा कल ठाण्याकडे आहे. शिगम्यात तिथली घोडेमोडणी, म्हणजे लाकडी घोड्यांचा नाच, बघितली, मराठी कानावर पडते, आणि कदंब बसच्या थांब्यावर बसलेल्या एका आजींनी मला विचारलं, "तू कोणाची गो?" त्या प्रश्नावरच माझं मन बसलं.

घर आणि थोडी बाग, एवढंच हवं आहे. कुठं जाऊ, आणि जाऊ का, ते स्पष्ट सांगा. वाईट वाटणार नाही.

मोर्ल्याचा

ताई, स्पष्ट विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. सत्तरीत जमीन विकत घेऊ नका.

मी इथंच जन्मलो. आमच्या तालुक्यात बऱ्याच गावांची जमीन मोकाश्याची, म्हणजे जुन्या राजवटीत इनामासारखी दिलेली. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढलात तर मालक म्हणून मोकासदाराचं नाव, कुठं सरकारचं, आणि काजू लावून, राखून, पिढ्यान्पिढ्या कसणारा तिसराच. त्याला हक्क मिळावा म्हणून माणसं म्हातारी झाली. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखालचे दावे अजून लोंबकळत आहेत. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर, त्यात आमच्यातल्या कितीतरी जणांच्या बागायती सापडल्या. अशा ठिकाणी बाहेरचं माणूस रोकड घेऊन येतं आणि दलाल त्याला "क्लिअर टायटल" म्हणून जे दाखवतो, ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी हक्काचं असतं.

दुसरं कारण मी रोज बघतो. आमच्या घरामागच्या डोंगरातून एक झर यायची. मे महिन्यातही तिच्याखाली कळशी धरली तर एखादं गाणं म्हणेपर्यंत भरायची. चार वर्षांपूर्वी वरच्या अंगाला कुणीतरी बंगल्यांसाठी डोंगर कापला. तांबडी माती पावसात खाली आली, झर पहिल्या वर्षी गढूळ झाली, दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आटली. आई आता टँकरची वाट बघते. डोंगरात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला डोंगर आवडतच असतो, ताई. कापणाऱ्यालाही आवडत होता.

पाटाचं पाणी

मोर्ल्याचा यांच्या झरीबद्दल वाचून वाईट वाटलं, पण त्यावरून सगळ्यांना दार बंद करणं मला पटत नाही.

मी मूळ वास्कोचा. नऊ वर्षांपूर्वी नेत्रावळीच्या बाजूला जुनं घर आणि पाऊण एकर कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, घेतलं. डोंगर कापला नाही, एक खोली वाढवली नाही. उलट मालक मुंबईला होते, पोफळी मरायला लागल्या होत्या, पाट बुजला होता. पहिल्या वर्षी मी आणि दोन कामेऱ्यांनी तो पाट उकरला. आज सुपारी, नारळ, मिरी, केळी, जायफळ, सगळं आहे. गावातल्या दोन घरांना काम आहे. मी आलो नसतो तर ती बाग मेली असती.

माहेरवाशीणताई, तुम्हाला खरं चित्र देतो. पहिला पावसाळा रडवतो. जूनमध्ये कपाट उघडलं तर कपड्यांवर पांढरी बुरशी. वीज गेली की दोन दोन दिवस नाही. फोनला रेंज हवी तर देवळाच्या पायरीवर जाऊन उभं राहायचं. पावसाआधी पोफळींवर मोरचूद-चुन्याची फवारणी झालीच पाहिजे, नाहीतर कोळेरोगानं सुपारी गळते. फवारणारा एका पोफळीवर चढतो आणि खाली न उतरता तिला झोका देऊन दुसरी पकडतो. असे पाडेली आता पंचक्रोशीत तीन उरलेत, आणि सगळ्यांना ते त्याच आठवड्यात हवे असतात. माझी सुपारी एकदा अर्धी गेली ती पाडेली मिळाला नाही म्हणून. वानरं आणि शेकरू उरलेल्यातला वाटा घेतात.

हे सगळं धरूनही सांगतो, या. मला रक्तदाबाची गोळी होती, ती डॉक्टरांनी कमी केली. सकाळी पाटाचं पाणी वळवायला जातो तेव्हा दिवस माझा असतो.

रात्रपाळी

मी परिचारिका, तीस वर्षं सरकारी सेवेत, त्यातली सहा सत्तरीत. ताई, एकटीनं जाऊ नका. वाईट वाटलं तर वाटू द्या.

वाळपईला सामाजिक आरोग्य केंद्र आहे, लोक चांगले आहेत. पण हृदयाचा झटका, मेंदूतला रक्तस्राव, असलं काही झालं की बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातच, न्यावं लागतं, आणि ठाण्याहून ते अंतर पावसाच्या रात्री किती होतं ते १०८ च्या गाडीत बसलेल्यालाच कळतं. शिवाय २०१५ साली सत्तरीतल्या पालीत माकडतापाची साथ आली, त्यानंतरही रुग्ण येत राहिले. गोचिडीतून पसरणारा विषाणू. डिसेंबर ते मे हा काळ, म्हणजे नेमका काजूचा. बागेत वाळका पाला गोळा करायला हौसेनं बसाल आणि चौथ्या दिवशी तापानं फणफणाल. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, केंद्राला कळवायचं, पाल्यात बसायचं नाही, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करायची. स्थानिक बायकांना हे आता ठाऊक झालंय. तुम्हाला कोण सांगणार?

दुःखात माणसानं माणसांजवळ राहावं. मुलीजवळ पुण्याला जा, असं मी म्हणेन.

पाटाचं पाणी

बाई, माकडतापाबद्दल तुम्ही सांगितलंत ते लाख मोलाचं. पण मुलीकडे जा हे सांगणं सोपं आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, मुलगी दिवसभर कामावर, हीसुद्धा वाट बघणंच झालं. ताईंनी तेच थांबवायचं म्हटलंय.

सातबारा

कायद्याचं थोडं बोलतो, कारण घाईत पैसे अडकलेले मी पुष्कळ पाहिलेत.

हिमाचल विसरा. तिथल्या १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचं ११८ वं कलम बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही. उत्तराखंडानं २०२५ मध्ये १३ पैकी ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन बंद केली. आंबोलीची हवा छान, ६९० मीटर उंची, पण महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि आंबोली, चौकूळ, गेळे इथं कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींचा प्रश्न कित्येक दशकं भिजत पडलेला. मोकाश्याचाच भाऊ म्हणा.

गोव्यात अडचण वेगळी. २०२३ च्या कायद्यानं भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. बागायत मिळेल, पण तिच्यात घर बांधायचं तर झोन बघा, बिगरशेती वापराची सनद बघा. विकणारा विवाहित असेल तर नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्यातच, आपला नागरी कायदाच तसा आहे. आणि वडिलोपार्जित असेल तर वारसांची कागदपत्रं पूर्ण झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. लिस्बन, लंडन, दुबईत बसलेला एक वारस पुरे होतो.

शिवाय पश्चिम घाटातल्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राची ३१ जुलै २०२४ ची मसुदा अधिसूचना आहे. गोव्यातलं १४६१ चौरस किलोमीटर त्यात येतं. ती अंतिम झाली की ताईंना खिळाही मारता येणार नाही.

मोर्ल्याचा

सातबारा, शेवटचं वाक्य दुरुस्त करा. याच अफवेनं गावागावांत सभा तापल्या. मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, रेती उपसा, तांबड्या यादीतले, म्हणजे जास्त प्रदूषण करणारे उद्योग आणि २०,००० चौरस मीटर व त्यावरची बांधकामं यांना. कौलारू घराला नाही. मला ती अधिसूचना हवी आहे. ती आली वायनाडच्या मुंडक्कई-चूरलमलावर डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आम्हीही २३ जुलै २०२१ पाहिलाय. म्हादई घरात शिरली, मातीच्या भिंती रात्रीत बसल्या. माझ्या मामाचं घर त्यातलंच.

आणि पाटाचं पाणी, तुम्ही बाग जगवलीत, मान आहे. पण तुमच्यासारखा एक येतो तेव्हा मागून दहा येतात ते कुंपण घालणारे. आमच्या गावात देवाला जायची वाट कुंपणात गेली. म्हाताऱ्या आता फिरून जातात.

पाटाचं पाणी

ते दहा जण आणि मी एकच का? नऊ वर्षं मी गावच्या देवळाच्या कामाला उभा राहतो, तरी भांडण झालं की "भायलो", बाहेरचा, हाच शब्द. आमच्या गोव्यातच मी भायलो. वास्को आणि नेत्रावळी यांच्यात कुठली सरहद्द आहे?

मोर्ल्याचा

शब्द माझा नाही आणि मला तो आवडतही नाही. पण सत्तरीतल्या मेळावलीत आयआयटीसाठी जमीन आखली तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं गेलं होतं, की तिथं कुणी नाही, नुसतं रान आहे. बायका रस्त्यावर बसल्या, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये ते मागं घेतलं. ज्यांना शहरातून डोंगर मोकळा दिसतो त्यांची मला भीती वाटते. माणूस वाईट असावा लागत नाही.

सातबारा

मोर्ल्याचा, दुरुस्ती मान्य. मी मसुदा पूर्ण वाचायला हवा होता. कागदपत्रांचं मात्र मी म्हटलं ते कायम.

सोमेश्वर

हा धागा चार दिवस वाचतोय. मी वालकिणीचा, म्हणजे मूळ कुर्डीचा. साळावलीच्या धरणात आमचं गाव गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, म्हणून काहींना नाव माहीत असेल. आमच्या आजोबांना वाडे-वालकिणीच्या बाजूला जागा मिळाली आणि सांगितलं, इथं नव्यानं सुरू करा. डोंगर इथंही होता. पण आजी मरेपर्यंत म्हणायची, "हांगाचो पावस वेगळो." पाऊस तोच होता, दोन्ही गावं सांग्यातलीच.

मे महिन्यात पाणी उतरलं की कुर्डी वर येते. घरांचे चौथरे, वृंदावनं, भेगाळलेला चिखल. सोमेश्वराच्या देवळापाशी आम्ही सगळे जमतो. आजोबा मला हात धरून नेत आणि एका चौथऱ्यावर उभे राहून सांगत, ही चूल, हा देवारा, इथं तुझा बाप पडला होता. दुपारी तिथंच बसून भाकरी खायची आणि संध्याकाळी परत.

हे ताईंना का सांगतोय? मोर्ल्याचा म्हणतात येऊ नका, पाटाचं पाणी म्हणतात या. मला वाटतं, ताईंना जागेपेक्षा आधी हे बघावं लागेल की पर्वरीचं घर त्या पूर्ण सोडणार की ठेवणार. आम्हाला सोडायची सक्ती झाली, तरी वर्षातून एक दिवस परत जातो म्हणून इथं राहू शकलो. आजोबांचं पाऊल वालकिणीत कधी रमलं ते मी पाहिलंय. शेजारच्या वाड्यावरचं मयत झालं, आणि पहिल्यांदा त्यांना खांदा द्यायला बोलावलं, त्या दिवशी. तोपर्यंत सोळा वर्षं गेली होती.

रात्रपाळी

सोमेश्वर यांचं वाचून थांबले. ताई, मी माझं म्हणणं मागं घेत नाही. पण गेलातच तर शेजारचं घर हाकेच्या अंतरावर असू द्या. आधी हाक मारून बघा, उत्तर येतं का ते. रात्री, पावसात.

माहेरवाशीण

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मुलीलाही वाचून दाखवलं, ती फोनवर गप्प झाली.

जमीन घेणार नाही. निदान आत्ता नाही. मोर्ल्याचा, तुमच्या आईच्या झरीनं ते ठरवलं. मी बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहायचे, त्यांतल्या किती डोंगर कापून उभ्या राहिल्या असतील हे तेव्हा मनात कधी आलं नाही, आणि ते आता टोचतंय.

नेत्रावळीचं कुळागर मनात भरलंय, पण फवारणी आणि पाडेली हे माझ्या हातचं काम नाही. आंबोली, हिमाचल मी आधीच बाजूला ठेवलं होतं, सातबारांनी कारणं दिली.

ठाण्यात भाड्यानं घर बघते. जून ते सप्टेंबर, अख्खा पावसाळा. पर्वरीचं घर कुलूप लावून ठेवीन, देणार नाही. सोमेश्वर, तुम्ही विचारलं नसतंत तर मी ते विकायला काढलंच होतं. चतुर्थी ठाण्यात करायची की पर्वरीत, हे मला अजून सुटलेलं नाही. गणपती यजमान आणायचे.

कुणाला घर माहीत असेल तर कळवा. कौलारू चालेल, न्हाणीघर आतून हवं, आणि रात्रपाळीबाईंनी सांगितलं तसं, हाकेवर शेजार.

मोर्ल्याचा

ताई, ठाण्यात माझ्या मावशीच्या जावेचं घर दोन वर्षं बंद आहे. न्हाणी बाहेर आहे, पण पडवीतून झाकून घेता येईल, बोलतो. शेजारी मावशीच. तिला कमी ऐकू येतं, म्हणून हाक मोठ्यानं मारावी लागेल, पण ती पहाटे चारला उठते आणि दार उघडंच ठेवते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात या, कौलं फिरवून घ्यायला. जूनमध्ये कौल फिरवणारा मिळत नाही. लाकडं मी आणून ठेवतो.