सेंट्रिंगवरून पडलेल्या मामांची भरपाई: 60 हजार घेऊन सही करावी का?

गेवराईचा भाचा

नमस्कार. माझे मामा सेंट्रिंगचं (स्लॅबखालचे साचे लावण्या-काढण्याचं) काम करतात, वय 40. ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यातल्या एका साइटवर प्लेटा काढताना परांचीची फळी सरकली आणि ते दुसऱ्या मजल्यावरून खाली आले. उजवं कोपर आणि मनगट मोडलं. ऑपरेशन झालं, पण मूठ वळत नाही. शर्टाची बटणं मामी लावून देते. हजेरी 900 रुपये होती. ठेकेदाराने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, मग फोन उचलणं बंद. आता मुकादम घरी येऊन बसतो: 60 हजार घ्या आणि ‘पुढे काही मागणं नाही’ म्हणून स्टॅम्पपेपरवर सही करा. मामांकडे नेमणूकपत्र नाही, पगाराची पावती नाही. बिल्डर म्हणतो, हा माझा माणूसच नाही. मामी म्हणते, मिळतंय ते घ्या, उसनवारी फेडायची आहे. केस उभी राहते का?

वकीलताई, कामगार न्यायालय

उभी राहते. मामांना आजच सांगा, सही करायची नाही.

भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशीच तयार होतो. 21 नोव्हेंबर 2025 ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण मामा त्याआधी पडले, म्हणून मोजणी 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने. त्यात चूक कोणाची हे आपल्याला सिद्ध करावं लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. बिल्डरचं ‘माझा माणूस नाही’ हेही टिकत नाही. कलम 12 प्रमाणे ठेकेदाराच्या माणसाची भरपाई त्याच्याकडूनही मागता येते. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला मामला.

आता आकडा बघा, म्हणजे 60 हजारांची किंमत कळेल. पगार जास्त असला तरी हिशेबात महिना 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के 9,000. कायद्याच्या तक्त्यात प्रत्येक वयाला एक गुणक दिलाय, वय 40 चा 184.17. गुणाकार 16,57,530 रुपये. कमाईची ताकद पूर्ण गेली तर एवढे. 40 टक्के गेली असं ठरलं तरी 6,63,012. उपचाराचा खरा खर्च वेगळा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना अडवले असतील तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

खरी लढाई टक्क्यांची असते. हात किती अधू झाला हे एक, आणि त्या हाताने सेंट्रिंग होईल का हे दुसरं. डॉक्टरांकडून दुसरं लिहून घ्या. डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचं नुकसान सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये पूर्ण 100 टक्के धरलं, कारण एका हाताने सुतारकी होत नाही. तुमच्या मामांचा तर उजवा हात आहे.

फक्त मामांच्या नावाने ईएसआय (सरकारी कामगार विमा) भरलं जात होतं का ते आधी तपासा. असेल तर पैसे तिकडून मिळतात, हा दावा चालत नाही.

मस्टरवाले काका

मी बरीच वर्षं साइटवर हजेरी लिहिली. कागद नाही म्हणून घाबरू नका, कागद असतो, फक्त मामांकडे नसतो. आठवड्याचा पगार फोनपेवर आला असेल तर बँकेचं स्टेटमेंट काढा. सुपरवायझर ग्रुपवर स्लॅबचे फोटो टाकतो, त्यात मामा दिसत असतील. ते आत्ताच सेव्ह करा, नंतर ग्रुपमधून काढून टाकतात. सोबतच्या पोरांचे नंबर आणि गावचे पत्ते घ्या. काम संपलं की ती पांगतात, मग साक्षीला कोण मिळणार?

आणि दवाखान्याचा केसपेपर नीट वाचा. ठेकेदाराचा माणूस सोबत असला की ‘घरी जिन्यावरून पडला’ असं सांगून मोकळा होतो. तसं लिहिलं असेल तर ताईंना आधी दाखवा. बांधकाम कामगार मंडळात मामांची नोंदणी होती का तेही बघा, तिथली मदत निराळी मिळते.

गेवराईचा भाचा

काका, केसपेपरवर ‘उंचावरून पडून’ एवढंच आहे, साइटचं नाव नाही. ताई, मामा आता गावीच आहेत, पुण्याला खेटे कसे घालणार? वकिलाची फी? आणि मुकादम रविवारी परत येतोय.

वकीलताई, कामगार न्यायालय

पुण्याला यायची गरज नाही. मामा राहतात तिथल्या हद्दीच्या भरपाई आयुक्तांकडेही, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून दोन वर्षं, पण साक्षीदार तेवढे दिवस थांबत नाहीत, म्हणून या महिन्यातच करा. फीसाठी बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा, मोफत वकील मिळतो. ‘उंचावरून पडून’ हे आपल्या बाजूचंच आहे. साइट कोणती ते साक्षीदार सांगतील.

मुकादमाशी भांडू नका. त्याला सांगा, तडजोड करायची असेल तर आयुक्तांसमोर नोंदवू. रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. हक्क सोडल्याचा कागद कलम 17 प्रमाणे रद्दच असतो, पण एकदा सही झाली की समोरचा वकील तोच नाचवतो आणि तारखा वाढतात. मामींशी मी स्वतः बोलते, मला नंबर मेसेज करा. त्यांना वाटणारी काळजी खरी आहे. रविवारी घरी त्याच असतील ना?