उलटी-जुलाबाची साथ आणि बोटीवरचा क्रू: नियम कडक, मग आजार लपवला का जातो?

खारा_वारा (धागाकर्ता)

क्रूझवर नोरोव्हायरस (उलटी-जुलाबाचा विषाणू) शिरला की बातमी प्रवाशांची होते. खालच्या डेकवर काय चाललंय ते कुणी विचारत नाही. मुंबई, कोकण, गोव्याची बरीच पोरं बोटींवर आहेत, म्हणून धागा इथे काढला.

नियम आधी सांगतो. अमेरिकेच्या बंदरांना लागणाऱ्या बोटींवर सीडीसीचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम चालतो. सीडीसी म्हणजे आपलं खलाशाचं पुस्तक नव्हे, त्यांची आरोग्यसंस्था! २४ तासांत तीन किंवा जास्त जुलाब, किंवा उलटी आणि सोबत जुलाब, मुरडा, ताप, अंगदुखी, डोकेदुखी यांपैकी काही एक, की माणूस रजिस्टरमध्ये चढला. अन्नाला हात लावणाऱ्याने लक्षणं थांबल्यावर किमान ४८ तास कामावर यायचं नाही, बाकीच्यांनी २४ तास. नंतरही मेडिकलची, म्हणजे बोटीवरच्या डॉक्टर विभागाची, परवानगी लागतेच.

आता हिशेब करा. वेटरला सोमवारी रात्री सुरू झालं, बुधवारी रात्री थांबलं, तर तो शुक्रवारी रात्री मोकळा. चार दिवस टेबल नाही, म्हणजे टिप नाही. आजारी माणसाची टिप बुडू देणार असाल, तर ४८ तास कागदावरच राहणार.

बी_डेक

असहमत. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणे आजारी क्रू बोटीवर आहे तोवर पूर्ण वेतन द्यावं लागतं, उपचार फुकट. भारतानेही २०१५ मध्ये ते मान्य केलंय.

आणि आकडे बघा. जानेवारी २०१४, एक्स्प्लोरर ऑफ द सीज: ३०७१ प्रवाशांपैकी ६३४ आजारी, ११६६ क्रूपैकी ५५. म्हणजे २०.६ टक्के विरुद्ध ४.७. साथ क्रू पसरवतो म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

खारा_वारा

क्रू पसरवतो असं मी कुठे म्हटलं? ते ५५ म्हणजे मेडिकलला गेलेले ५५. बॅगेत घरून आणलेलं लोपेरामाइड असलं की मेडिकलची पायरी चढायची गरजच काय? बोटीवर जुलाबाची गोळी फक्त मेडिकलकडून मिळावी असा नियम आहे, तो त्यातून नोंद व्हावी म्हणूनच. गोळीने जुलाब थांबतात, विषाणू बाहेर पडायचा थांबत नाही.

फिनेल

दोघंही एकाच आकड्यावर फार वजन टाकताय. क्रू वेगळ्या मेसमध्ये जेवतो, हात धुण्याचं ट्रेनिंग झालेलं असतं, काहींना आधीच्या संसर्गामुळे थोडीफार प्रतिकारशक्ती असते. लपवालपवीही असेल. पण एका टक्केवारीतून यातलं कुठलं कारण किती, ते निघत नाही. प्रवासीही लपवतातच, केबिनमध्ये कोंडून कुणाला घ्यायचंय?

मला जास्त खटकतं ते साफसफाईचं. साथीत सगळ्यात जास्त विषाणूच्या जवळ जातो तो हाउसकीपिंगवाला, आणि तिथे घाई नडते. कार्पेटवर उलटी झाली की माणसं हटवायची, ग्लोव्हज, मास्क, गाऊन चढवायचे, शोषक पावडर टाकून घाण आधी *उचलायची*, मग जंतुनाशक. घाणीवरच क्लोरीन ओतलं तर ते घाणीतच खर्च होतं, विषाणू तसाच. क्लोरीनचं प्रमाण १००० ते ५००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). साधं ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली टाकलं की साधारण १०००, १०० मिली टाकलं की ५००० च्या आसपास. द्रावण रोज ताजं हवं, आणि लेबलवर लिहिलाय तितका वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. फडकं मारलं आणि लगेच पुसलं, हे फक्त दाखवायला. ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये तर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि आधी खोकतो तो स्टुअर्डच.

चादरी झटकायच्या नाहीत. जागेवर गुंडाळून पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीत, पिशवी सरळ मशीनमध्ये. आणि सॅनिटायझरच्या बाटल्यांवर विसंबू नका, नोरोव्हायरसला अल्कोहोल फारसं लागत नाही. साबण, वाहतं पाणी, किमान २० सेकंद.

गॅलीवाला

फिनेल, पद्धत बरोबर, पण ती करायला माणसं कुठली? साथ जाहीर झाली की बफेवर प्रवाशांनी स्वतः वाढून घेणं बंद. म्हणजे प्रत्येक चिमट्यामागे क्रूचा एक माणूस उभा. त्यात रेलिंग, लिफ्टची बटणं, दारांच्या मुठी, कॅसिनोच्या चिप्स परत परत पुसायच्या. त्याच वेळी दहा-पंधरा जण आयसोलेशनमध्ये. विश्रांतीचा नियम २४ तासांत किमान १०, आठवड्यात ७७ तास. नियम पाळला तर काम होत नाही, काम केलं तर नियम मोडतो.

केबिनचं कुणी बोललंच नाही. दोघांच्या केबिनला कन्व्हेन्शनप्रमाणे किमान साडेसात चौरस मीटर, संडास बहुतेक सामायिक. एकाला लागलं की दुसऱ्याची रोज तोंडी विचारपूस, पहिल्याची लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तास. पण तो झोपणार कुठे? रिकामी केबिन असेल तर ठीक, नाहीतर वरच्या बंकवर आजारी आणि खालच्यावर उद्या नाश्ता वाढणारा.

बी_डेक

केबिनचा मुद्दा मान्य. पण पैशावर मी ठाम आहे. आजारी असताना अन्नाला हात लावणं सीडीसीच्या तपासणीत गंभीर चूक धरतात. १०० पैकी ८५ किंवा खाली गुण आले की बोट नापास. कंपनीलाच लपवलेला आजार महाग पडतो.

खारा_वारा

कंपनीला महाग पडतो म्हणून ती शिस्तीची भीती घालते, आणि भीती घातली की माणूस अजून लपवतो. कन्व्हेन्शन "वेतन" म्हणतं. त्यात टिप धरायची की नाही ते कॉन्ट्रॅक्टवर. आणि जिथे सर्व्हिस चार्ज बिलात लागतो तिथेही बऱ्याच बोटींवर प्रवासी तो काउंटरवर जाऊन काढून घेऊ शकतो. साथीत सफर बिघडलेला प्रवासी नेमकं तेच करणार, म्हणजे चार दिवस दुप्पट राबलेल्याचीही टिप गेली.

बी_डेक

बरं, मग मागणी नेमकी करा. जिथे टिप पूलमधून वाटतात तिथे आयसोलेशनमधल्याचा वाटा चालू ठेवायचा, ही कॉन्ट्रॅक्टमधली एक ओळ आहे. जिथे टिप टेबलावर रोख मिळते तिथे हे कसं बसवणार ते सांगा.

गॅलीवाला

तिथे गॅरंटीड मिनिमम (टिप कमी आली तरी कंपनी देते ती किमान रक्कम) असतं का ते सही करण्याआधी बघायचं. बेसिक, ओव्हरटाइम, गॅरंटीड मिनिमम हे तीन आकडे वेगवेगळे लिहून मागा आणि आजारपणात कुठला मिळणार ते एजंटला मेलवर विचारा. फोनवर सगळेच "हो हो" म्हणतात.