नोबेल तिघांनाच का?

वेताळ_टेकडी:
भौतिकशास्त्राचं नोबेल जास्तीत जास्त तिघांत वाटायचं, हा नियम आता मोडीत काढा. २०१७ ला गुरुत्वीय लहरींसाठी (अवकाश-काळात उठणारे तरंग) वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना मिळालं. शोधनिबंधावर नावं हजाराच्या वर, त्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतली मंडळीही. या लहरी टिपणाऱ्या लायगो या अमेरिकन प्रयोगाच्या संस्थापकांपैकी रॉनल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले. ते असते तर चौघांतून कोणाला गाळलं असतं?

खडूस_मास्तर:
असहमत. सगळ्यांना द्यायला हा काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे? २०२५ चं ब्रेकथ्रू पारितोषिक बघा. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे चार प्रयोग, ३० लाख डॉलर, मानकरी १३,५०८. करा भागाकार. माणशी सव्वादोनशे डॉलरही पडत नाहीत.

सईची_आई:
मास्तर, भागाकार बरोबर, माहिती अर्धी. ते पैसे कोणी वाटून घेतलेच नाहीत, पीएचडी करणाऱ्या मुलांसाठी दिले. जोसलिन बेल बर्नेल यांनीही २०१८ मध्ये याच पारितोषिकाचे आपले ३० लाख डॉलर असेच देऊन टाकले. १९६७ साली आलेखाच्या कागदाच्या भेंडोळ्यांतून पल्सारची (ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्याची) खूण हुडकली ती त्यांनी, तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या. १९७४ चं नोबेल गेलं त्यांचे गाइड ह्यूइश आणि दुसरे खगोलशास्त्रज्ञ राइल यांना. दोघांनाच! तिसरी जागा रिकामी होती.

खडूस_मास्तर:
ताई, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. खोट तीनच्या आकड्यात नाही, निवडणाऱ्यांच्या नजरेत आहे.

वेताळ_टेकडी:
१९७४ पुरतं मान्य. (चरफडत.) पण २०१७ ला नजर कितीही साफ असती तरी हजार माणसं तीन खुर्च्यांत कशी बसणार? नोबेलच्या नियमांत संस्थेला पुरस्कार द्यायची मुभा आहेच. शांततेचं रेड क्रॉसला तीनदा मिळालंय. भौतिकशास्त्रवाल्यांनी ती मुभा एकदाही वापरलेली नाही. म्हणजे नियम मोडायचीही गरज नाही, मी माझं पहिलं वाक्य मागे घेतो.

खडूस_मास्तर:
आणि संस्थेला दिलं की स्टॉकहोमला जाणार कोण? संचालक! रात्रपाळीला डिटेक्टरपाशी बसलेली पोरं टीव्हीवरच बघणार. त्यापेक्षा तिघं बरे, निदान त्यांनी काम तरी केलेलं असतं.

सईची_आई:
हे मात्र खरंय. आमच्याकडे सोसायटीच्या गणपतीतसुद्धा हार अध्यक्षांनाच.

हिंगोलीकर:
औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या आपल्याकडच्या लायगोच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा व्हायच्यात. २०२३ ला केंद्राने २,६०० कोटी मंजूर केलेत. आधी त्या उभ्या राहू द्या मालक, हार कुणाला ते मग भांडू.